तपासणी डोळ्यांची, कसोटी पाठपुराव्याची

कमी दिसणारे मूल सहसा तक्रार करत नाही. नजर हळूहळू धूसर होत जाते, आणि आपल्याला दिसते तसेच इतरांनाही दिसत असणार, असे ते धरून चालते. फळ्यावरचे कळले नाही की ते शेजारच्याच्या वहीत डोकावते, डोळे बारीक करते, पुस्तक नाकाशी धरते. वर्गात त्याची ओळख ‘लक्ष नसलेला’ किंवा ‘मागे पडलेली’ अशी होते. एकाच डोळ्याला कमी दिसत असेल तर चांगला डोळा सगळे सांभाळून घेतो आणि घरच्यांना वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही. म्हणून मुलाने सांगण्याची वाट न पाहता शाळेतच सगळ्यांची नजर तपासावी लागते. या कामातून किती साधता येते, हे दिल्लीच्या शहरी भागातील ५ ते १५ वयाच्या मुलांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतून समजते. चांगल्या डोळ्यानेही ६/१२ किंवा त्याहून कमी दिसणारी मुले ४.९ टक्के होती. योग्य नंबरची भिंगे लावून पाहिल्यावर हे प्रमाण ०.८१ टक्क्यावर आले. म्हणजे अशा दर सहा मुलांपैकी पाचांना शस्त्रक्रिया किंवा औषध नको होते. एक साधा चष्मा पुरेसा होता. पुढे २०१५ साली दिल्लीतील शाळकरी मुलांच्या दुसऱ्या एका मोठ्या पाहणीत १३.१ टक्के मुलांमध्ये लघुदृष्टी आढळली.

इतका सोपा उपाय असूनही तो मुलांपर्यंत का पोहोचत नाही, या प्रश्नाचे नवे उत्तर म्हणून संगणकावरच्या दृष्टितपासणीकडे पाहिले जाते. भिंतीवरच्या तक्त्याऐवजी संगणकाच्या पडद्यावर किंवा मोबाइलवर चिन्हे उमटतात, मूल उत्तर देते, यंत्र निकाल काढते आणि नोंदही करते. जाहिरातींमध्ये भर असतो तो अचूकतेवर आणि वेगावर. उपलब्ध पुरावा मात्र वेगळीकडे बोट दाखवतो. कागदी तक्त्यापेक्षा संगणक डोळे फार चांगले मोजतो, असे ठामपणे म्हणता येत नाही. मोजल्यानंतरच्या कामात मात्र त्याचा मोठा उपयोग आहे. कोणाला कमी दिसते, ते मूल डॉक्टरांकडे पोहोचले का, त्याला चष्मा मिळाला का आणि तो ते लावते का, या चार प्रश्नांचा माग नावानिशी ठेवणे हे त्याचे खरे बळ आहे. शाळेत संगणक आणायचा असेल तर त्या कामासाठी आणावा, आणि कार्यक्रमाचे यशही त्याच कामावर जोखावे, असे माझे म्हणणे आहे.

आधी मोजणीचे शास्त्र पाहू, कारण ते समजल्याशिवाय यंत्राची मर्यादा कळत नाही. नेदरलँड्समधील उत्रेख्तचे नेत्रतज्ज्ञ हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ साली अक्षरांचा तक्ता प्रसिद्ध केला. त्यामागची कल्पना भूमितीची आहे. निरोगी नजरेच्या ओळीतले अक्षर डोळ्याशी ५ कला, म्हणजे एका अंशाच्या बाराव्या भागाएवढा कोन करते आणि त्या अक्षराची प्रत्येक रेघ १ कलेचा. सहा मीटरवरून पाहायचे असेल तर असे अक्षर सुमारे ८.७ मिलिमीटर उंच असावे लागते. ६/१२ याचा अर्थ, निरोगी डोळा जे १२ मीटरवरून ओळखतो ते ओळखण्यासाठी या मुलाला ६ मीटरपर्यंत यावे लागते. स्नेलेनच्या तक्त्यात वरच्या ओळीत एक अक्षर, खाली जावे तशी जास्त, आणि दोन ओळींमधला फरकही असमान असतो. ही उणीव इयान बेली आणि जॅन लव्ही यांनी ऑस्ट्रेलियात १९७६ साली दूर केली. त्यांच्या तक्त्यात प्रत्येक ओळीत पाच अक्षरे असतात आणि प्रत्येक ओळ खालच्या ओळीच्या सुमारे सव्वापट मोठी असते. त्यामुळे नजर किती ओळींनी घटली किंवा सुधारली हे बरोबर मोजता येते. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी इंग्रजी ‘ई’सारखे एकच चिन्ह चार दिशांना फिरवले जाते, आणि त्याची टोके कोणत्या बाजूला आहेत ते मुलाने फक्त हाताने दाखवायचे असते. मराठी, कोकणी, गोंडी, भिल्ली अशा वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या मुलांना हे चिन्ह सारखेच सोयीचे आहे.

संगणक या शास्त्रात काय भर घालतो? पहिली गोष्ट म्हणजे क्रम. भिंतीवरचा तक्ता बदलत नाही. रांगेत पाठीमागे उभे असलेले मूल पुढच्याची उत्तरे ऐकते आणि आपली पाळी आली की तीच म्हणून दाखवते. पडद्यावरचे चिन्ह दर वेळी वेगळ्या दिशेला वळलेले असते, त्यामुळे पाठांतर निरुपयोगी ठरते. दुसरी गोष्ट म्हणजे मुलाच्या उत्तरानुसार पुढचे चिन्ह ठरते. उत्तर बरोबर आले की चिन्ह लहान होते, चुकले की थोडे मोठे. असे वरखाली करत यंत्र मुलाच्या क्षमतेच्या सीमेवर येऊन थांबते. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे मायकेल बाख यांनी १९९० च्या दशकात विकसित केलेली चाचणी याच तत्त्वावर चालते. तिसरी गोष्ट आळशी डोळ्याशी संबंधित आहे. या विकारात सुटे अक्षर ओळखता येते, पण आजूबाजूला गर्दी असली की मूल चाचपडते. म्हणून चिन्हाभोवती रेघांची चौकट दाखवली तर असा डोळा अधिक खात्रीने सापडतो, आणि पडद्यावर ती चौकट सहज आखता येते. चौथी गोष्ट तपासणाऱ्याची. किती चुकांना ‘नापास’ म्हणायचे हे यंत्रात ठरलेले असल्यामुळे एका शाळेतला निकाल कडक आणि दुसरीतला सैल, असे होत नाही.

या फायद्यांना जागच्या जागी अटी आहेत. तीन मीटरवरून तपासायचे असेल तर ६/६ चे अक्षर साधारण ४.४ मिलिमीटरचे हवे आणि त्याची रेघ ०.९ मिलिमीटरची. जुन्या संगणकाच्या पडद्यावरचा एक ठिपका पाव मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे त्या रेघेला जेमतेम तीन-चार ठिपके मिळतात आणि कडा ओबडधोबड दिसते. आजच्या मोबाइलचे ठिपके कितीतरी बारीक असल्याने दोन मीटरवरूनही चिन्ह स्वच्छ उमटते. पण अंतर चुकले तर सगळेच चुकते. दोन मीटरऐवजी मूल दीड मीटरवर उभे राहिले तर त्याची नजर आहे त्याहून एक ओळ चांगली नोंदवली जाईल. दोरी किंवा मोजपट्टी न वापरता पावलांनी अंतर मोजणाऱ्याला कोणतेही सॉफ्टवेअर वाचवू शकत नाही. पडद्यावर खिडकीचा उजेड चमकत असेल, त्याची प्रखरता कमी केलेली असेल, किंवा मूल झाकलेल्या डोळ्यावरच्या बोटांमधून पाहत असेल, तरी निकाल बिघडतो. केनियातील नाकुरू येथे प्रौढांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ‘पीक’ या मोबाइल चाचणीला सरासरी ७७ सेकंद लागले, स्नेलेनच्या तक्त्याला ८२. म्हणजे वेळेचीही फारशी बचत नाही.

याच चाचणीचा शाळांमधला अनुभव या विषयातला सर्वांत बोलका पुरावा आहे. पश्चिम केनियातील ट्रान्स न्झोया या जिल्ह्यात ५० सरकारी प्राथमिक शाळा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत वाटल्या गेल्या. सुमारे २०,९०० मुलांची तपासणी झाली, आणि ती दोन्हीकडे शाळेतल्याच प्रशिक्षित शिक्षकांनी केली. एका गटात फिरत्या ‘ई’चे छापील कार्ड होते आणि नापास झालेल्या मुलाच्या हाती कागदी चिठ्ठी दिली जात होती. दुसऱ्या गटात मोबाइलवर तपासणी होती. मुलाला जग कसे धूसर दिसते हे दाखवणारे चित्र पालकांसाठी छापून दिले जाई, आणि रुग्णालयात जाण्याची आठवण करून देणारे संदेश आपोआप जात. निष्कर्ष २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात आले. खरोखर कमी दिसणारी मुले ओळखण्याची क्षमता मोबाइलची ७७ टक्के आणि कार्डाची ७५ टक्के, म्हणजे जवळपास सारखीच निघाली. चांगली नजर असलेल्यांना बरोबर ‘पास’ करण्यात तर कार्डच सरस ठरले: ९७.४ टक्के विरुद्ध ९१ टक्के. एवढ्यावर निर्णय घ्यायचा असता तर कागदच जिंकला असता. पण नापास ठरलेल्या मुलांपैकी किती जण रुग्णालयात पोहोचले, हे मोजल्यावर चित्र पालटले. कागदी चिठ्ठीच्या गटात ३६६ पैकी ८२ मुले गेली, म्हणजे २२ टक्के. मोबाइलच्या गटात ५३१ पैकी २८५, म्हणजे ५४ टक्के.

हे आकडे एकापुढे एक मांडून एक ढोबळ हिशोब करून पाहू. समजा, एका तालुक्यातील शाळांमध्ये चष्म्याची गरज असलेली १०० मुले आहेत. कार्डाने त्यांतली ७५ सापडली, त्यांतली २२ टक्के रुग्णालयात गेली, आणि चष्मा मिळालेल्यांपैकी निम्म्यांनी तो नियमित लावला, असे धरले तर शेवटी नीट पाहू शकणारी मुले उरतात आठ. आता कार्डाच्या जागी असे यंत्र आणले की ज्याला एकही मूल चुकत नाही, पण पुढची व्यवस्था तीच ठेवली. तरी मुले होतात अकरा. याउलट ७७ टक्केच पकडणारी चाचणी ठेवून रुग्णालयात जाणाऱ्यांचे प्रमाण ५४ टक्क्यांवर नेले, तर मुले होतात एकवीस. चष्मा लावणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावरून पाऊणवर नेले तर एकतीस. कालवा फुटका असेल तर धरणातून कितीही पाणी सोडले तरी टेलच्या शेतकऱ्याच्या वाफ्यात ओल येत नाही. दुरुस्ती जिथे गळती आहे तिथेच करावी लागते. दृष्टितपासणीत सर्वांत मोठी गळती तपासणीनंतर आहे. अचूकतेवर खर्च होणारा पैसा आणि लक्ष त्या मानाने चुकीच्या ठिकाणी जात आहे.

शेवटच्या टप्प्याबद्दल भारतातील संशोधन आपल्याला सावधही करते. हैदराबाद परिसरातील ११ ते १५ वयाच्या मुलांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला ‘पीक’च्या मदतीने धूसर नजरेची चित्रे आणि आरोग्यशिक्षण दिले गेले. काही महिन्यांनी पूर्वसूचना न देता पाहिले तेव्हा दोन्ही गटांत साधारण निम्मीच मुले चष्मा लावत होती. दोहोंत लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे चित्र आणि संदेश मुलाला रुग्णालयाच्या दारापर्यंत नेऊ शकतात, पण रोज सकाळी चष्मा डोळ्यांवर चढवायला लावतीलच असे नाही. चीनच्या ग्रामीण भागात २५२ शाळांमधल्या ३,१७७ मुलांवर झालेल्या, २०१४ च्या अभ्यासातही फुकट चष्मा मिळालेल्या गटात वर्षाअखेर प्रत्यक्ष चष्मा लावलेली मुले ४१ टक्केच होती. तरीही त्या गटाचे गणिताचे गुण तुलनेने मोजण्याइतके वाढले होते. बंगळूरू येथे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र चारात तीन मुले चष्मा लावताना आढळली. तिथे ज्यांना चष्म्याने स्पष्ट फरक पडत होता अशाच मुलांना निवडले होते, आणि चौकट मुलांनी स्वतः पसंत केली होती. तयार नंबरचे स्वस्त चष्मे आणि प्रत्येकासाठी वेगळे घडवलेले चष्मे यांच्या वापरात तिथे फरक आढळला नाही. यातून दोन धडे मिळतात. अगदी किरकोळ नंबरसाठी चष्म्यांची खैरात करू नये, आणि चौकट निवडण्याचा हक्क मुलाचा असावा. ‘चष्मिस’, ‘ढापण्या’ अशी हाक ऐकून दप्तरात गेलेला चष्मा कोणत्याही ॲपने बाहेर निघत नाही. तो वर्गशिक्षकाच्या शब्दाने निघतो. मुलीला चष्मा लागला तर लग्नाच्या वेळी अडेल, ही घरच्यांची धास्तीही बोलूनच दूर करावी लागते. कोणाशी बोलायचे आहे, हे मात्र यादीशिवाय कळत नाही, आणि ती यादी संगणक देऊ शकतो.

आपल्याकडे नवी व्यवस्था उभारण्याची गरज नाही. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून आहे आणि त्यात शाळकरी मुलांना मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथूनच झाली. त्याची फिरती पथके वर्षातून दोनदा अंगणवाड्यांत आणि एकदा सरकारी व अनुदानित शाळांत जातात. दृष्टिदोष हा त्यांच्या तपासणीच्या यादीत आहेच. पुढे ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी आहेत. तपासणारे हात आणि चष्मे देणारी योजना दोन्ही असताना यांच्या मधला धागा बहुधा एका चिठ्ठीचा असतो, आणि ती चिठ्ठी दप्तरातून घरी, घरातून रुग्णालयापर्यंत न्यायची जबाबदारी दहा वर्षांच्या मुलावर पडते. जव्हार-मोखाड्यातल्या पाड्यावरून रुग्णालयात जायचे म्हणजे पालकाची एक दिवसाची मजुरी बुडते आणि एसटीचे भाडेही लागते. अशा ठिकाणी नुसता संदेश पाठवूनही भागणार नाही. पण कोणत्या केंद्रातल्या किती मुलांना नंबर काढून हवा आहे, हे नावानिशी समोर असेल तर नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याने ठरावीक दिवशी केंद्रशाळेत येऊन सगळ्यांचे नंबर तिथेच काढणे शक्य होते. चाळीस कुटुंबांनी चाळीस फेऱ्या मारण्यापेक्षा एका माणसाने एक फेरी मारणे सर्वांनाच परवडते. नोंदीमुळे नियोजन शक्य होते, ते असे.

यावर पहिला आक्षेप शिक्षकांचा असेल, आणि तो रास्त आहे. निवडणूक, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे अशा अशैक्षणिक कामांनी ते आधीच वाकले आहेत. चाळीस मुलांच्या वर्गाचे दोन्ही डोळे तपासायला दोन-अडीच तास लागतील. हे वर्षातून एकदाच करायचे काम आहे आणि कमी दिसणाऱ्या मुलावर वर्षभर वाया जाणाऱ्या शिकवण्याच्या तुलनेत ते महाग नाही. पण अट एवढीच की माहिती एकदाच भरावी लागली पाहिजे. हजेरीपटावरची नावे ॲपमध्ये आपोआप यावीत, नेटवर्क नसताना तपासणी चालावी आणि नेटवर्क मिळाल्यावर नोंद पुढे जावी. तपासणी मोबाइलवर, तीच पुन्हा रजिस्टरमध्ये, आणि तीच तिसऱ्यांदा तालुक्याच्या तक्त्यात, असे झाले तर संगणक मदतीऐवजी ओझे होईल, आणि शिक्षक घाईघाईने सगळ्यांना ‘पास’ लिहून मोकळे होतील. मग कागदी चिठ्ठीच बरी होती असे म्हणावे लागेल.

दुसरा आक्षेप असा की कार्ड स्वस्त आहे आणि तेवढेच अचूकही, मग संगणक कशाला? याचे प्रामाणिक उत्तर असे, की जिथे मोबाइल किंवा प्रशिक्षण उपलब्ध नाही तिथे कार्डानेच तपासावे. तपासणी अडवून ठेवू नये. कार्डाने तपासून निकाल मोबाइलमध्ये नोंदवला तरी पाठपुराव्याचा फायदा मिळतोच. केनियातील आकड्यांचा हाच तर अर्थ आहे. तिसरा आक्षेप विनाकारण रुग्णालयात पाठवल्या जाणाऱ्या मुलांचा. हजारातील पन्नास मुलांना खरोखर दोष आहे असे मानले, तर उरलेल्या ९५० पैकी ९१ टक्क्यांनाच बरोबर ‘पास’ करणारी चाचणी सुमारे ८५ निरोगी मुलांना रुग्णालयात धाडेल, ९७.४ टक्क्यांची चाचणी सुमारे २५ जणांना. केनियात प्रत्यक्ष कार्यक्रम राबवताना दोन गटांतला फरक इतका मोठा दिसला नाही. तपासलेल्या मुलांपैकी एकीकडे ५ आणि दुसरीकडे ४ टक्के नापास झाली. तरी धोका खरा आहे. दोनदा मजुरी बुडवून ‘काही नाही’ असे ऐकलेला पालक तिसऱ्यांदा येत नाही. यावर साधा उपाय म्हणजे नापास ठरलेल्या मुलाची त्याच दिवशी, थोड्या विश्रांतीनंतर, शक्यतो दुसऱ्या शिक्षकाने पुन्हा चाचणी घेणे, आणि दोन्ही वेळा ते नापास ठरले तरच नाव पुढे पाठवणे. ही सक्ती यंत्रात घालता येते. चाळणी तपासणीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली जी तत्त्वे मांडली, त्यांचे सार हेच होते की सापडलेल्या माणसाच्या निदानाची आणि उपचाराची सोय असेल तरच शोधायला निघावे.

संगणकी तपासणी म्हणजे नेत्रतपासणी नव्हे, हेही पालकांना स्पष्ट सांगायला हवे. लांबचे चिन्ह ओळखण्याच्या चाचणीत लघुदृष्टी चांगली सापडते. दूरदृष्टी असलेले मूल मात्र डोळ्यांतल्या स्नायूंवर ताण देऊन ६/६ पर्यंत वाचू शकते आणि सुटून जाते. वाचताना डोके दुखणे हीच त्याची खूण असते. रंगांधळेपणा पडद्यावर तपासणे अवघड, कारण प्रत्येक पडद्याचे रंग वेगळे असतात. डोळ्याच्या आतले आजार या चाचणीच्या आवाक्यातच नाहीत. त्यामुळे डोकेदुखी, तिरळेपणा, डोळे लाल होणे, बुबुळावर पांढरी झाक अशा तक्रारी असलेले मूल चाचणीत पास झाले तरी डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. आळशी डोळ्याच्या बाबतीत वयाचा प्रश्न आहे. चांगला डोळा झाकून दुबळ्याला कामाला लावण्याचा उपचार सातव्या वर्षाच्या आत सर्वांत चांगला लागू पडतो. नंतरही काही मुलांना फायदा होतो, पण प्रमाण घटते. पाचवीत सापडलेला आळशी डोळा म्हणजे बराचसा उशीर. तीन-चार वर्षांच्या मुलाकडून दिशा दाखवून घेणे कठीण असते. त्यांच्यासाठी अवरक्त प्रकाशाचा झोत टाकून, दृष्टिपटलावरून परतलेल्या प्रकाशावरून नंबराचा अंदाज घेणारे कॅमेरे आहेत. साधारण मीटरभर अंतरावरून, मुलाने क्षणभर पाहिले तरी त्यांचे काम होते. अमेरिकेत तीन ते पाच वयाच्या प्रत्येक मुलाची किमान एकदा दृष्टितपासणी व्हावी अशी शिफारस आहे. महागडे साधन विकत घ्यायचेच असेल तर प्रत्येक शाळेत संगणक ठेवण्यापेक्षा बाल स्वास्थ्य पथकाच्या गाडीत असा एक कॅमेरा असणे अधिक हिताचे ठरेल, कारण ते पथक अंगणवाडीत जातेच.

राहिला प्रश्न माहितीच्या गोपनीयतेचा. कागद हरवतो, पण तो दूर जात नाही. संगणकातली नोंद कोणाच्याही हाती पडू शकते. मुलाचे नाव, शाळा, पालकांचा फोन आणि चष्म्याचा नंबर ही चष्मे विकणाऱ्यांसाठी मोलाची यादी आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. काही प्रकारच्या संस्थांना त्यात सवलत देता येत असली, तरी शाळेने ती पळवाट म्हणून वापरू नये. संमतीपत्र मराठीत आणि पालकांना समजेल अशा भाषेत असावे, माहिती आरोग्य विभागाकडेच राहावी, आणि फुकट ॲप पुरवणाऱ्या कंपनीला तिच्यावर कोणताही हक्क नसावा. ही अट मान्य नसेल तर ते ॲप नाकारावे आणि कार्ड वापरावे. तसेच वर्गात सर्वांसमोर ‘नापास’ असा निकाल पुकारू नये. कमी दिसणे हा दोष मुलाचा आहे असे त्याला एकदा वाटले की पुढचा चष्मा त्याच्या नाकावर टिकत नाही.

या सगळ्यातून एक साधी मागणी निघते, आणि ती शाळा व्यवस्थापन समितीपासून जिल्हा परिषदेपर्यंत कोणीही करू शकते. दृष्टितपासणीच्या अहवालात आज ठळकपणे येणारा आकडा असतो तो तपासलेल्या मुलांचा आणि वाटलेल्या चष्म्यांचा. तो आकडा मोठा करणे सोपे आहे आणि त्याने फार काही सिद्ध होत नाही. त्याच्या शेजारी तीन आकडे सक्तीचे करावेत. नापास ठरलेल्यांपैकी किती मुलांचा नंबर दोन महिन्यांत काढला गेला, त्यांपैकी किती जणांच्या हातात चष्मा आला, आणि तीन महिन्यांनी न कळवता वर्गात गेल्यावर किती जणांच्या डोळ्यांवर तो दिसला. पहिले दोन आकडे संगणक बसल्या जागी काढून देईल. तिसऱ्यासाठी माणसाला वर्गात जावे लागेल, आणि चष्मा तुटला आहे, लहान झाला आहे की मूल लाजते आहे, हे विचारावे लागेल. पुढच्या वर्षी त्याच मुलाचा नंबर वाढला का, हेही त्याच नोंदीवरून कळेल, कारण लघुदृष्टी वाढत्या वयाबरोबर वाढते आणि दोन वर्षांपूर्वीचा चष्मा आज अपुरा असू शकतो. ज्या कार्यक्रमाला हे आकडे देता येतात, त्याने तपासणी कार्डावर केली की संगणकावर, हा दुय्यम प्रश्न आहे. ज्याला ते देता येत नाहीत, त्याच्या हाती उत्तमोत्तम यंत्र असले तरी फळ्यावरचे अक्षर मुलाला दिसू लागले का, याचे उत्तर त्याच्याकडे नाही. आणि शाळेत डोळे तपासायचे ते त्याच उत्तरासाठी.